जखमींच्या बाई

बाई आइस हॉकीच्या क्लबात इतकी वर्षं नोकरीला होत्या, पण त्यांनी एकही गोल पाहिलेला नव्हता.

मॅच सुरू झाली की सगळा क्लब रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, काचेला चिकटायचा. बाई मागच्या बोळात, तपासणीच्या खोलीच्या दाराशी घडीची खुर्ची टाकून बसायच्या. आत स्केटच्या पात्यांचा खरखराट, ढोल, लोकांचा गलका. बाहेर बाई आणि त्यांचा सुंठीच्या चहाचा थर्मास. नव्या माणसाला वाटायचं, या बाईंना खेळ आवडत नसावा. मीही सुरुवातीला तसंच समजले आणि एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, “गोल बघायला इतकी माणसं तिकीट काढून येतात. पडलेल्याला आत आणतात तेव्हा दारात कुणीतरी ओळखीचं नको का?”

त्या मूळच्या ठाण्याच्या. लग्नानंतर मुंबईत बँकेत होत्या. नवऱ्याला त्याच्या ट्रेडिंग कंपनीनं ओसाकाला पाठवलं, तेव्हा नोकरी सोडून त्याच्याबरोबर आल्या. जपानी शिकल्या त्या कुठल्या वर्गात नाही, तर ओसाकाच्या भाजीबाजारात, भाजीवाल्या बायकांकडून. त्यामुळे त्यांचं जपानी होतं खणखणीत आणि पक्कं ओसाकाचं. तोक्योच्या बाजूला, गुळगुळीत बोलणाऱ्या माणसांच्या ऑफिसात, नेसूचं सुती पातळ, वर पुरुषी जाड जॅकेट आणि खाली बर्फातले बूट घातलेली ही बाई तोंड उघडायची आणि समोरचा माणूस आधी हसू दाबायचा, मग सावरून बसायचा. नवरा गेल्यावर त्या परत गेल्या नाहीत. का गेल्या नाहीत हे त्यांना कुणी विचारत नसे. तोक्योतल्या एका कंपनीच्या हिशेब खात्यात लागल्या, कंपनीचा हॉकीचा क्लब होता, तिथे कुणी जायला तयार नव्हतं, तिथे गेल्या. तोक्योतच ओजिमाच्या सरकारी वसाहतीत वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या.

मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामावर आलेली. नवरा आणि मुलगा यांच्यासह तोक्योशेजारच्या इचिकावात राहत होते. आमच्या कंपनीला त्या क्लबाचं काम मिळालं आणि मला तिथे बसवलं गेलं. खेळाडूंचे पगार लीगच्या मर्यादेत बसतात की नाही, हे सांगणारी एक प्रणाली बनवायची होती. हॉकी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर शाळेच्या मैदानातली हिरवळ यायची. बर्फावरची हॉकी, तिची लीग, तिचे नियम, सगळंच नवीन. नियम समजावून द्यायला मला ज्यांच्या शेजारी बसवलं, त्या बाई. मराठी ऐकून मी उडालेच. त्यांनी मात्र फक्त खुर्ची थोडी सरकवली आणि विचारलं, “डबा आणलायस की कोनबिनी दुकानातलं तयार खातेस?”

नियम त्यांनी मला असा सांगितला. लीगमधल्या प्रत्येक संघानं खेळाडूंच्या पगारावर वर्षाकाठी ठरलेल्या रकमेपलीकडे खर्च करायचा नाही. याला म्हणायचं सॅलरी कॅप. श्रीमंत कंपनीच्या संघानं सगळे चांगले खेळाडू उचलू नयेत म्हणून. पण एखादा खेळाडू जबर जखमी झाला आणि बरेच महिने खेळू शकणार नसला, तर त्याला जखमी यादीवर टाकता येतं. पगार त्याला मिळत राहतो, मात्र तो कॅपमध्ये धरत नाहीत. तेवढ्या जागेत बदली खेळाडू घ्यायचा. मूळचा बरा होऊन परतला की त्याचा पगार पुन्हा कॅपमध्ये येतो आणि बदली खेळाडूचा करार संपतो.

“असं बघ,” बाई म्हणाल्या, “घर लहान आहे. चारच अंथरुणं पडतात. एक जण दवाखान्यात गेला, त्याच्या अंथरुणावर पाहुण्याला झोपवलं. काही बिघडलं नाही. पण दवाखान्यातला बरा होऊन दारात उभा राहिला की कुणाला तरी उठावं लागतं.”

“आणि कुणालाच उठवायचं नसेल तर?” मी विचारलं.

“तर दारातल्या माणसाला सांगायचं, तू अजून बरा झालेला नाहीस. सगळा मोह तिथेच आहे.”

तो मोह आवरण्यासाठी लीगनं एक सोय केली होती. डॉक्टरच्या निदानाखाली क्लबाच्या एका जबाबदार अधिकाऱ्यानंही सही करायची, की या माणसाला आम्ही पाहिलं आहे आणि तो खेळू शकत नाही. इतर क्लबांत ही सही बसल्या जागी व्हायची. आमच्या क्लबात ती बाई करायच्या, आणि पाहिल्याशिवाय करायच्या नाहीत. “पाहिलं आहे असं लिहिलंय ना? मग पाहायला नको?” एवढंच त्यांचं म्हणणं.

हे पाहणं म्हणजे एक सोहळाच होता. दर आठवड्याला त्या जखमी खेळाडूच्या घरी जायच्या. बरोबर मऊ भात, मेतकूट आणि तूप. जपानी माणसालाही आजारपणात पेजेसारखा भात लागतो, त्यामुळे खेळाडूंना ते अन्न परकं वाटायचं नाही. मेतकुटाच्या वासानं आधी दचकायचे, मग मागून घ्यायचे. बाईंच्या पुढ्यात एका शब्दाला बंदी होती. दाइजोबु. ठीक आहे, काही झालेलं नाही, काळजी नसावी, अशा सगळ्यासाठी जपानी माणूस हा एकच शब्द वापरतो, आणि हॉकीपटू तर दात पडला तरी हाच शब्द म्हणतो. बाई सांगायच्या, “ते बाहेर म्हणायचं. इथे कुठं दुखतं ते सांगायचं.” सहा फुटी पुरुष मग मान खाली घालून खरं सांगायचे, खांदा दुखतो, झोपेत दुखतो, भीती वाटते. माझं ऐकून तेही, मागे आदराचा जपानी ‘सान’ जोडून, त्यांना ‘बाई-सान’ म्हणायला लागले होते. बाहेरून आलेले लोक विचारायचे, ही कोण? तर म्हणायचे, जखमींच्या बाई.

गुडघ्याच्या दुखण्याची त्यांची स्वतःची परीक्षा होती. त्या खेळाडूला स्टेशनपर्यंत पोचवायला सांगायच्या आणि लिफ्ट टाळून जिन्यानं खाली उतरायच्या. चढताना माणूस दुखणं लपवू शकतो, उतरताना नाही, असं त्यांचं मत. डॉक्टर याला हसायचे. पण एकदा-दोनदा त्यांनीच फोन करून विचारलेलंही मला आठवतं, बाई-सान, तुमचा जिना काय म्हणतो?

माझा मुलगा त्यांच्यावर जीव टाकायचा. आम्ही मराठीत विचारलं तरी तो जपानीत उत्तर द्यायचा, त्यावरून घरात रोज कुरबुर. बाईंनी त्याला कधी मराठी बोल म्हणून सांगितलं नाही. त्या त्याच्याशी ओसाकाच्या जपानीत बोलायच्या आणि मधूनच, अगदी सहज, मराठीत काहीतरी मागायच्या. तो आणून द्यायचा. शाळेत शिक्षकांशी बोलताना त्यानं एकदा ओसाकाच्या बाजारातला आभाराचा शब्द वापरला तेव्हा त्यांनी मला बोलावून विचारलं होतं, तुमचं मूळ घर ओसाकाला का?

आता कॅप्टनच्या त्या मोसमाबद्दल सांगते.

कॅप्टन म्हणजे आमच्या संघाचा जुना बचावपटू. या क्लबात आला तो शाळा सोडल्यावर, आणि दुसरीकडे कधी गेला नाही. वय झालं होतं; तो मोसम शेवटचा, हे त्यानं स्वतःच जाहीर केलं होतं. मोसमाच्या सुरुवातीलाच त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. शस्त्रक्रिया झाली, तो जखमी यादीवर गेला, आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेत फिनलंडहून एक तरुण खेळाडू आणला. हा पोरगा लाजरा, पांढुरक्या भुवयांचा. बायको गरोदर होती, तिला घेऊन आला होता. कॅप्टन कुबड्या घेऊन रोज सरावाला यायचा आणि कठड्याशी उभा राहून त्याला शिकवायचा. आपल्या रिंकच्या कोपऱ्यात चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती कशी उसळते, कुठं उभं राहायचं, कुठं नाही. पोरगा खेळायला लागला आणि संघ जिंकायला लागला. बाद फेरीची आशा निर्माण झाली. बाद फेरीत कॅप लागू नसतो. तिथे दोघंही एकत्र खेळू शकले असते.

हिवाळा सरत आला तेव्हा कॅप्टनच्या कुबड्या गेल्या होत्या. स्कॅनच्या फोटोत गुडघा चांगला दिसत होता. पण तो म्हणायचा, दुखतं. दुखणं काही फोटोत दिसत नाही. डॉक्टर लिहायचे, आणखी विश्रांती. मॅनेजर स्वतः एके काळी खेळलेला, सभ्य, मवाळ बोलणारा गृहस्थ. तोही म्हणायचा, घाई नको. बाईंबरोबर जिना उतरताना कॅप्टन कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत उतरायचा. बाईंनी सही केली. मात्र त्या दिवशी परतताना त्यांनी दोनदा वळून त्या जिन्याकडे पाहिलं.

पुढच्याच आठवड्यातली दुपार. मी आणि बाई रिंकवरून निघालो होतो. स्टेशनच्या जिन्याच्या तोंडाशी पाहतो तर पुढे कॅप्टन, त्याच्या हाताला त्याची छोटी मुलगी. खाली गाडी आल्याची धून वाजली आणि मुलगी हात सोडवून धावत सुटली. खाली फलाट अरुंद आणि माणसांची गर्दी. कॅप्टन तिच्यामागे धावला. दोन-दोन, तीन-तीन पायऱ्या एकदम टाकत तो खाली गेला, शेवटच्या पायरीवरून वळला, आणि फलाटाच्या पिवळ्या पट्टीच्या आधीच तिला उचलून घेतलं. मग त्यानं वर पाहिलं. जिन्याच्या टोकाला बाई उभ्या होत्या.

बाई सावकाश उतरल्या. मुलीच्या टोपीची गाठ नीट बांधली. बाकावर बसल्या, कॅप्टनला शेजारी बसायला सांगितलं. मी मुलीला घेऊन जरा पलीकडे उभी राहिले, पण ऐकू येत होतं. मला वाटलं बाई रागावतील. त्यांनी एकच विचारलं, “तुला खेळायचं आहे की नाही?”

एक गाडी आली आणि गेली. कॅप्टन म्हणाला, “आहे.”

मग त्यानं सगळं सांगितलं. आपण परतलो तर त्या पोराचा करार त्याच दिवशी संपणार. नोकरी सुटली की व्हिसाचं संकट. बायकोचे दिवस भरत आलेले, अशा अवस्थेत ती विमानात बसणार कशी? आपले तर थोडेच सामने उरलेत, ते नाही खेळलो तर कुणाचं काय बिघडतं? त्याला कुणी गप्प बसायला सांगितलं नव्हतं. मॅनेजरलाही त्यानं हे सांगितलं नव्हतं. मॅनेजरला ओळखता आलं नसेल असं मात्र मला वाटत नाही. पोराला यातलं काहीच माहीत नव्हतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतका चांगला माणूस मी पाहिला नव्हता. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र मला जे दिसलं ते कौतुक नव्हतं. त्या उठल्या, त्याला वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, “यापुढे मी सही करणार नाही.”

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. मला पटलेलं नव्हतं. मी म्हटलं, बाई, एका सहीनं एक कुटुंब उघड्यावर येईल. बाई ओट्यापाशी उभ्या राहून भाजी चिरत होत्या. हात न थांबवता त्यांनी मला नवऱ्याचं सांगितलं, जे त्यांनी त्याआधी कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

ओसाकाला त्यांच्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं. कंपनी दयाळू निघाली. भरपगारी रजा दिली आणि त्याच्या जागी मुंबईहून बदली माणूस आणला. नवरा बरा झाला. पण तोवर त्या बदली माणसानं बायकोमुलं आणली होती, मुलं शाळेत घातली होती. नवरा म्हणाला, मी एवढ्यात हजर झालो तर त्याला गाशा गुंडाळावा लागेल. वर्ष पुरं होऊ दे, मला अजून बरं वाटत नाही असं मी कळवतो. कंपनीलाही ते सोयीचं होतं. घरी बसवेना म्हणून तो रोज सकाळी टाय बांधून बाहेर पडायचा आणि ओसाकाला गोल फिरणाऱ्या लूप लाइनच्या गाडीत बसायचा. फिरून फिरून संध्याकाळी घरी. हळूहळू टाय सुटला, मग बाहेर पडणं सुटलं, मग जेवण. वर्ष पुरं व्हायच्या आतच तो गेला. डॉक्टर म्हणाले हृदय.

“सगळे म्हणाले, किती मोठ्या मनाचा माणूस,” बाई म्हणाल्या. “मला मोठ्या मनाचा नको होता गं. मला ऑफिसला जाणारा हवा होता.”

चिरलेली भाजी कढईत टाकत त्या म्हणाल्या, “त्या पोराचं काय करायचं ते मी बघते. ते कुणीतरी बघायला हवं, हे खरं आहे. पण धडधाकट माणसाला आजारी ठरवून नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर चहाचा कप बाजूला सारत म्हणाला, कठीण आहे. जपानीत याचा अर्थ नाही असा होतो. तो पुढे म्हणाला, बाद फेरीपर्यंत थांबू या, मग सगळ्यांचंच भलं होईल. बाई म्हणाल्या, थांबायचं तर तो जखमी आहे असं मला म्हणावं लागेल, आणि तो जखमी नाही. मॅनेजरनं आवाज चढवला नाही. तो फक्त त्या दिवसापासून बाईंशी बोलेनासा झाला.

बातमी पोरापर्यंत दुसऱ्या कुणाकडून जाऊ नये म्हणून बाई स्वतः त्याच्या घरी गेल्या. इंग्रजीसाठी मला नेलं. त्याच्या बायकोनं आमच्यासाठी कॉफी केली होती, आणि मी बोलत असताना ती कपांकडे बघत होती. पोरानं पहिला प्रश्न विचारला तो असा, “म्हणजे तो बरा झाला?” मी हो म्हटलं. तो म्हणाला, “मला आनंद आहे.” आणि मग त्यानं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. बायको माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, “यांना सांगा, मी यांचे आभार मानू शकत नाही.” मी मराठीत सांगायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, “राहू दे. कळलं मला.”

पुढचे काही दिवस बाईंनी फोन सोडला नाही. देशात जिथे जिथे बर्फाची हॉकी आहे तिथे तिथे त्यांनी फोन केले. मोठे क्लब कॅपनं बांधलेले. शेवटी उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या एका लहान गावचा संघ तयार झाला. कॅपच्या लीगबाहेरचा, कागदाच्या कारखान्यात अर्धवेळ काम आणि उरलेला वेळ खेळ. पगार कमी, पण नोकरी होती, व्हिसा टिकत होता. नकार द्यायला तयार असलेला तिकडचा प्रशिक्षक बाईंचं ओसाकाचं जपानी ऐकून हसला आणि हसल्यावर नाही म्हणू शकला नाही, असं त्यानंच नंतर सांगितलं. डॉक्टरांनी विमान नको म्हटलं, तर बाईंनी रेल्वेची तिकिटं काढली आणि त्या स्वतः त्या दोघांबरोबर गेल्या. तिथलं बाळंतपणाचं रुग्णालय पाहिलं, शेजारणीशी ओळख करून घेतली, आणि मगच परतल्या. पोराची बायको वाटेत त्यांच्याशी बोलली नाही. पण बोगद्यात समुद्राखालून जाताना तिला भीती वाटली, तेव्हा तिनं बाईंचा हात धरला होता.

मग कॅप्टनचा पुनरागमनाचा सामना. रिंक खचाखच भरलं होतं. मी काचेपाशी होते. तो बर्फावर उतरला तेव्हा लोक उभे राहिले. तो पूर्वीसारखा वेगवान राहिला नव्हता, हे मलाही दिसलं. पण त्याला प्रत्येक चकती कुठं येणार ते आधी कळायचं, आणि तो तिथे आधीच उभा असायचा. मधल्या विश्रांतीत तो मला दिसला. घामानं निथळत होता आणि हसत होता. इतक्या महिन्यांत त्याला हसताना मी प्रथमच पाहत होते.

शेवटच्या भागात, कोपऱ्यातल्या चकतीसाठी दोघं भिडले, समोरचा खेळाडू तोल जाऊन त्याच्या पायावर पडला आणि दोघंही कठड्यावर आदळले. एक उठला. कॅप्टन उठला नाही. रिंकमधले ढोल बंद पडले. मी धावत मागच्या बोळात गेले. बाई खुर्चीवरून उठून उभ्या होत्या. आतला आवाज थांबला तेव्हाच त्यांना कळलं होतं. स्ट्रेचर आलं. कॅप्टनचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं बाईंकडे पाहिलं आणि म्हणाला, “दाइजोबु.”

बाईंनी त्याला अडवलं नाही. त्यांनी त्याचं डोकं हातात धरलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सोडलं नाही.

पाय कायमचा गेला. चालू शकेल, खेळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मार नवा आहे, जुन्या जखमेचा संबंध नाही, आणखी महिनाभर बसला असता तरी हे झालंच असतं, असंही त्यांनी लिहून दिलं. पण ते ऐकायला कुणाला वेळ होता? कॅप्टन पुन्हा जखमी यादीवर गेला, आणि त्याची जागा भरायला आता कुणी नव्हतं. पोरगा होक्काइदोत करारबद्ध झाला होता. संघ बाद फेरीपर्यंत पोचला नाही. बाईंना कुणी दोष दिला नाही. तशी तिथली रीत नाही. फक्त त्यांचं टेबल एके दिवशी सामानाच्या खोलीत हलवलेलं दिसलं, जागेची अडचण आहे म्हणून. बाईंनी थर्मास उचलला आणि तिकडे जाऊन बसल्या.

मी त्यांना एकदाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं, चुकलं का आपलं? थर्मासचं झाकण लावत त्या म्हणाल्या, “माहीत नाही.” बाईंच्या तोंडून हे दोन शब्द मी त्याआधी ऐकले नव्हते. त्यांचं बोलणं त्या दिवसांत कमी झालं. जिन्याबद्दल त्या पुन्हा कधी काही म्हणाल्या नाहीत. पण दर आठवड्याला डबा घेऊन कॅप्टनच्या घरी जाणं त्यांनी थांबवलं नाही. दार त्याची बायको उघडायची, डबा घ्यायची, मागच्या आठवड्याचा धुतलेला डबा परत द्यायची, वाकायची, दार लावायची. बाई रिकामा डबा घेऊन स्टेशनवर यायच्या. असं वसंत संपेपर्यंत चाललं. मी अधूनमधून बरोबर असायचे, आणि मला त्या दाराचा राग यायचा. बाईंना येत नसे.

एके दिवशी दार कॅप्टननं उघडलं. हातात काठी होती. त्यानं आम्हाला आत घेतलं, स्वतः चहा केला, आणि वेळ लावून, काठी बाजूला ठेवत, बाईंसमोर खाली बसला. ते बसणं बघवत नव्हतं. मग म्हणाला, “बाई-सान, तुम्हाला भेटायची मला लाज वाटत होती. तुम्हाला वाटत असेल मी रागावलोय.”

बाई डब्याचं फडकं सोडायला लागल्या.

“मी जखमी असल्याचं नाटक करत होतो ना, तेव्हा मला झोप लागायची नाही. सगळे म्हणायचे विश्रांती घे, आणि मी रात्रभर जागा. आता पाय खरोखर गेलाय.” तो थांबला. “आता झोप लागते.”

बाईंनी डब्याचं झाकण उघडलं, त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि ओसाकाच्या बोलीत म्हणाल्या, “मग जेव आधी.” त्यानं जेवायला सुरुवात केली. बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि त्याचं जेवण होईपर्यंत तशाच बसून राहिल्या. त्या रडत होत्या हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

त्यानंतर बाई फार दिवस राहिल्या नाहीत. पुढच्या हिवाळ्यात त्यांना रुग्णालयात ठेवलं. दुखणं त्यांनी आम्हाला कळू दिलं नव्हतं, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. मी एका दुपारी गेले तेव्हा मॅनेजर आला होता. एवढ्या महिन्यांचा अबोला. बिचारा फळांची टोपली मांडीवर धरून कसाबसा बसला होता. क्लबानं ठरवलं आहे, तो म्हणाला, बाई-सानना भरपगारी रजा. हवी तितकी. टेबलही आम्ही पुन्हा पुढच्या खोलीत आणलं आहे. तुमची जागा तुमच्यासाठी मोकळी राहील, कुणालाही तिथे बसवणार नाही.

तो हे मनापासून बोलत होता. माफी मागण्याची त्याची तीच रीत होती, आणि बाईंनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

“मी डॉक्टरांना सरळ विचारलं,” त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते. “मी बरी होणार नाही. उद्याच दुसरं कुणीतरी बसवा तिथे. बरी होणार असते ना, तर ती जागा एक दिवसही सोडली नसती.”

मॅनेजर उठून उभा राहिला. टोपली खुर्चीवर ठेवली आणि बाईंच्या पलंगापाशी कमरेत वाकला. बाईंनी दोनदा पुरे म्हटलं, तरी तो किती तरी वेळ वर झाला नाही.